गॅरेजची फरशी आणि झाडूची पाळी

गॅरेज म्हटले की डोळ्यांपुढे काळीकुट्ट जमीन येते. ऑईल पिऊन पिऊन ती चिकट झालेली असते. तिच्यात नट, वायसर, तुटक्या स्प्रिंगा रुतलेल्या असतात. तिला कोणी कधी धूत नाही. मळणारच आहे तर धुवायची कशाला, असा सरळ हिशेब! उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आमचे दुचाकी दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. तिथे मी टाईल बसवायला काढल्या तेव्हा शेजारचे वेल्डिंगवाले भाऊ बघून गेले आणि म्हणाले, "काय भाऊ, गॅरेज बांधून राह्यले का सैपाकघर?"

त्यांचे हसणे मी मनावर घेतले नाही. दुचाकीचा मेकॅनिक दिवसाचे आठ-दहा तास जमिनीशीच असतो. पाटावर बसतो, गुडघे टेकतो, कधी आडवा होऊन चेन बघतो. दुपारचा डबाही तिथेच उघडतो. ज्या जमिनीवर माणूस बसतो आणि जेवतो ती जमीन कशी असावी, हा प्रश्न मला तरी हसण्यासारखा वाटत नाही. त्यात सिमेंटचा कोबा ऑईल शोषून घेतो. वरून कितीही घासा, आत मुरलेले बाहेर येत नाही. कोबा झिजला की त्याची बारीक धूळ उडते आणि उघड्या इंजिनात जाऊन बसते. जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरमधली जेट म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी वस्तू. काळ्या जमिनीवर पडली की गेली. फिक्या रंगाच्या टाईलवर ती लगेच सापडते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा टाईलचे पैसे वसूल होतात.

मात्र टाईल कोणती, हे पाहिले पाहिजे. घरात लावतात ती गुळगुळीत चकचकीत टाईल इथे कामाची नाही. तिच्यावर ऑईलचे चार थेंब पडले की पाय सरकलाच समजा. पार्किंगसाठी म्हणून जाड, किंचित खरबरीत टाईल मिळते ती घ्यावी. फार खोल नक्षीची घेऊ नये, कारण नक्षीच्या खाचेत मळ बसतो आणि तो काढता काढता हाताचे कातडे जाते. आम्ही फूट बाय फुटाच्या तीनशे टाईल लावल्या आणि पंधरा जास्तीच्या आणून माळ्यावर ठेवल्या. पाच वर्षांनी एखादी फुटली तर तोच रंग, तोच साचा बाजारात मिळेल याची खात्री नसते.

गवंड्याशी माझा थोडा वाद झाला. त्याला टाईलखाली माल पाच ठिकाणी गोळे करून लावायचा होता. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. असे केले की काम झपाट्याने होते, पण गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. त्या पोकळीवर गाडीचा मेन स्टँड जोरात आपटला की टाईल तडकते. म्हणून खाली माल सगळीकडे भरीव पसरला पाहिजे. काम झाल्यावर मी रुपयाचे नाणे घेऊन तीनशे टाईल एकेक ठोकून पाहिल्या. भरीव टाईल 'ठक' बोलते, पोकळ असेल तर 'डब' असा आवाज येतो. अकरा टाईल 'डब' बोलल्या, त्या काढून पुन्हा बसवून घेतल्या. गवंडी रागावला होता, पण चहा घेऊन गेला. ढाळही आम्ही आधीच ठरवून ठेवला होता. दर आठ फुटाला साधारण एक इंच, मागून पुढे मोरीकडे. ढाळ नसेल तर धुतलेले पाणी तिथेच साचून सांध्यांत मुरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता रोजच्या सफाईचे सांगतो. पाण्याला हात लावण्याआधी काठीला बांधलेले लोहचुंबक सगळ्या जमिनीवरून फिरवायचे. नट, बोल्ट, पत्र्याचे कीस त्याला चिकटून येतात. यातले बरेच कामाचे निघते, आणि उरलेले लोखंड ओल्यात पडून टाईलवर गंजाचे डाग पाडत नाही. ऑईल सांडलेले असेल तर त्यावर पाणी ओतणे हा सगळ्यांत वाईट उपाय. ऑईल पाण्यावर तरंगून चौपट जागा व्यापते. त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा. आरा मशीनवर तो पोतेभर मिळतो. पंधरा-वीस मिनिटे राहू द्यायचा, पायाने थोडा दाबायचा आणि सुपलीने उचलायचा. भुसा नसेल तर कोरडी रेतीही चालते. हा तेलकट भुसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा, वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून लांब.

त्यानंतर धुण्याचा सोडा. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर सोडा आणि थोडी कपड्याची पावडर. हे पाणी जमिनीवर पसरून दहा मिनिटे थांबायचे. हे थांबणे लोकांना जमत नाही. ओतले की लगेच घासायला लागतात. सोडा तेलाला धरतो आणि सुटे करतो, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. मग प्लॅस्टिकच्या कडक केसांच्या ब्रशने घासावे. तारेचा ब्रश वापरू नये, त्याचे लोखंड टाईलला लागते आणि दुसऱ्या दिवशी तांबडे ओरखडे दिसतात. शेवटी स्वच्छ पाणी आणि वायपर. सोड्याचे पाणी हाताचे कातडे कोरडे करते, म्हणून रबरी हातमोजे घालावेत. आणखी एक गोष्ट आम्ही मेकॅनिक लोकच सांगू शकतो. ॲल्युमिनियमच्या भागांवर हे पाणी उडू देऊ नये. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला काळे पाडतो. गिऱ्हाईकाच्या इंजिनचे कव्हर काळे झाले तर तो तुमच्या स्वच्छ जमिनीचे कौतुक करणार नाही.

बॅटरीतले ॲसिड सांडले तर खाण्याचा सोडा टाकायचा. फसफसणे थांबेपर्यंत टाकत राहायचे आणि मग धुवायचे. गॅरेजचे धुतलेले पाणी आम्ही थेट नालीत सोडत नाही. मोरीच्या पुढे एक छोटा हौद केला आहे. त्यातून पाणी बाहेर जाणारा पाईप वाकवून खाली बुडवला आहे. ऑईल वर तरंगते, पाणी खालून निघून जाते. वरचे ऑईल आठवड्याला काढून जुन्या ऑईलच्या कॅनमध्ये टाकतो. तो कॅन परवाना असलेल्या माणसालाच देतो, चुलीत जाळायला मागणाऱ्याला नाही. आपल्या नाल्या शेवटी नाग नदीत जातात आणि तिच्या काठी राहणारी माणसे बहुतेक आपल्यासारखीच आहेत.

यापुढचे मी विशेषतः भगिनींसाठी लिहितो आहे. आपल्या कितीतरी भगिनी आज मोठ्या इमारतींत, मॉलमध्ये, दवाखान्यांत ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर आहेत. माझी थोरली वहिनी एका मोठ्या निवासी संकुलात पार्किंगच्या टाईल धुण्याचे काम करते. तिथे तिला काय दिले होते? ॲसिडची बाटली, ब्लीचिंग पावडरचा डबा आणि खराटा. हातमोजे नाहीत. एका दिवशी डाग निघेना म्हणून मुकादमाने तिला दोन्ही एकत्र टाकायला सांगितले. पार्किंग तळघरात, वारा नाही. पिवळट धूर आला आणि वहिनीचा श्वास कोंडला. सोबतच्या बायांनी तिला ओढून उघड्यावर आणले म्हणून वाचली. नंतर दोन आठवडे तिला जिना चढता येत नव्हता.

हा धूर क्लोरीन वायूचा. म्युरियाटिक ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की तो निघतो. बाटलीतल्या पातळ ब्लीचनेही तेच होते. ही दोन कधीही, कोणीही सांगितले तरी, एकत्र करू नयेत. धूर आलाच तर साफ करत बसू नये. आधी बाहेर मोकळ्या हवेत जावे, डोळे पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावेत आणि खोकला किंवा छातीत जड वाटले तर डॉक्टरांकडे जावे. नोकरी जाईल म्हणून घरी पडून राहू नये.

आणि मुळात ते ॲसिड तिथे हवेच कशाला? ॲसिड टाकले की फेस येतो आणि लोकांना वाटते मळ निघाला. शहाबादी फरशी, कोटा, मोझॅक, संगमरवर यांवर येणारा तो फेस मळाचा नसतो. हे दगड चुनखडीच्या जातीचे. ॲसिडने दगडच विरघळतो. म्हणूनच ॲसिडने धुतलेली फरशी पहिल्या दिवशी उजळ दिसते आणि सहा महिन्यांत खरबरीत होऊन दुप्पट मळ धरते. टाईल स्वतः ॲसिड सहन करते, पण तिच्या सांध्यातले सिमेंट करत नाही. सांधा खाल्ला गेला की पाणी खाली जाते आणि टाईल सुटते. आमच्या गॅरेजात तर ॲसिडच्या नुसत्या वाफेने पाने-पकडी रातोरात गंजतील. जे रसायन लोखंडाला एका रात्रीत खाते ते बाईच्या फुप्फुसाला काय करत असेल?

वहिनी बरी झाल्यावर मी तिला सोड्याचा उपाय सांगितला. तिने आणि तिच्या पाच जोडीदारणींनी मुकादमाला सांगितले की ॲसिडला आम्ही हात लावणार नाही, आणि हातमोजे व बूट मिळाल्याशिवाय तळघरात उतरणार नाही. सहाजणी एकत्र बोलल्या म्हणून काढून टाकता आले नाही. हातमोजे आठवड्याने आले, बुटांना महिना लागला. पार्किंग आता सोड्याने धुतली जाते आणि संकुलातल्या कोणाला फरकसुद्धा कळलेला नाही.

जमीन कशाने धुवावी हे सांगणे सोपे. कोणी धुवावी, हा खरा अवघड प्रश्न आहे. आमच्याकडे चार मुले काम शिकतात. त्यातल्या एकाची आई एक दिवस तडक गॅरेजवर आली. ती स्वतः चार घरची कामे करते. जयभीम झाला आणि ती म्हणाली, "भाऊ, माह्या पोराले म्या गाडी शिकाले पाठवलं, झाडू माराले नाही. झाडू तर मी मारूनच राह्यली चार घरी."

मला तिचा राग आला नाही. माझे आजोबा मालगुजाराच्या वाड्यापुढचे अंगण झाडत असत आणि त्याबद्दल शिळी भाकर मिळे. मी स्वतः १९८४ साली आय.टी.आय. करून एका मोठ्या कार्यशाळेत ॲप्रेंटिस लागलो. आम्ही पाच जण होतो. पहिल्या दिवशी साहेबाने प्रत्येकाचे आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी चौघांच्या हातात पाने आले आणि माझ्या हातात झाडू. तीन महिने तो सुटला नाही. शेवटी एका वयस्क फिटरने, ते आपल्यातलेच होते, मला जेवणाच्या सुट्टीत जवळ बसवून इंजिन उघडायला शिकवले. त्या माउलीला मी काय सांगणार होतो? की झाडणे हे थोर काम आहे? बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले यावरच्या आपल्या ग्रंथात नेमक्या याच बोलण्याचा समाचार घेतला आहे. काम थोर म्हणायचे आणि ते एकाच जातीच्या गळ्यात ठेवायचे, ही लबाडी त्यांनी उघडी पाडली. थोरवी सांगणाऱ्याने आधी स्वतः झाडू घ्यावा.

म्हणून मी तिला काही समजावले नाही. भिंतीवरचा कागद दाखवला. त्यावर पाळ्या लिहिलेल्या आहेत. सोमवार माझा, मंगळवार माझ्या मुलाचा, पुढचे चार दिवस चार मुलांचे. रविवारी गॅरेज बंद. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिने बोट ठेवून एकेक नाव वाचले आणि विचारले, "सोमवारी तुम्ही स्वतः मारता?" मी म्हटले, "येऊन बघा." ती खरोखरच आली! संध्याकाळी सातला मी उकिडवा बसून ब्रश मारत होतो. ती दारात उभी राहून पाहत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तो कोपरा राह्यला." मी तो कोपरा घासला. त्यानंतर तिची तक्रार आली नाही, आणि तिचा मुलगा आज इंजिन स्वतः उघडतो.

खरा विरोध माझ्या घरातूनच होता. मुलगा डिप्लोमा झालेला. गिऱ्हाईकांसमोर मालकाने झाडू मारला तर दर कमी करायला सांगतील, असे त्याचे म्हणणे. त्याची पहिली मंगळवारची पाळी आली तेव्हा त्याला नेमके बँकेत काम निघाले. दुसऱ्या मंगळवारीही निघाले. तिसऱ्या मंगळवारी त्याच्या आईने डबा देताना विचारले, "बँक संध्याकाळी सातला उघडते का रे?" आता तो करतो. दर काही कमी झाले नाहीत.

मी आमच्या विहारात ही पाळीची गोष्ट बोललो तेव्हा एका भंतेजींनी मला विनयपिटकातली माहिती दिली. राजगृहाच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या सुनीताला भगवंतांनी संघात घेतले हे आपल्याला बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथामुळे माहीत आहे. पण संघात आल्यावर झाडू कोण मारत होते? सगळे भिक्खू. चुल्लवग्गात राहण्याची जागा कशी स्वच्छ करावी याचे नियमच आहेत. आधी सामान बाहेर काढावे, जाळी-जळमटे वरून काढत खाली यावे. जमीन रंग देऊन घोटलेली असेल तर फडके भिजवून, पिळून पुसावी. कच्ची असेल तर धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडून झाडावी. मला हे ऐकून फार गंमत वाटली. पुसण्याआधी फडके पिळून घ्या, हे मी पोरांना रोज ओरडून सांगतो आणि ते तिथे लिहिलेले आहे! सुनीताची सुटका झाली ती झाडू वाईट म्हणून नव्हे. झाडू त्याच्या एकट्याच्या नावावर होता, तो सगळ्यांच्या नावावर झाला.

आमच्या जमिनीची खरी परीक्षा वर्षातून एकदा होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणारी माणसे नागपूरभर जिथे जागा मिळेल तिथे उतरतात. दोन रात्री आमचे गॅरेज त्यांच्यासाठी मोकळे असते. तीस-पस्तीस माणसे सहज झोपतात, त्यात रांगणारी लेकरे असतात. लेकरू रांगते म्हणजे हात जमिनीला आणि तोच हात तोंडात. म्हणून तीन दिवस आधी आम्ही सगळ्या गाड्या बाहेर काढतो. पेट्रोल, ऑईल, बॅटऱ्या, थिनर यांतले काहीही आत ठेवत नाही. जमीन दोनदा सोड्याने, तीनदा साध्या पाण्याने धुतो आणि दारे उघडी टाकून दोन दिवस वाळू देतो, म्हणजे वास निघून जातो. एवढे करूनही आत मेणबत्ती, उदबत्ती, स्टोव्ह काहीच लावू देत नाही. स्वयंपाक बाहेर अंगणात. त्याच वेळी सांधे तपासतो, कुठे भुगा झाला असेल तर खरवडून नवीन भरतो. फुटलेली टाईलही तेव्हाच बदलतो. पंधरातल्या चार आतापर्यंत लागल्या आहेत.

गेल्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातली काही कुटुंबे उतरली होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या मायने आल्या आल्या जमिनीवरून तळहात फिरवला, तळहात पाहिला आणि मग सतरंजी अंथरली. विचारलेन् कसे, "इथं गाड्या दुरुस्त करता म्हणता, मंग गाड्या ठेवता कुठं?" तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गॅरेज उघडायला गेलो तर सतरंज्या घडी करून एका बाजूला लावलेल्या आणि जमीन झाडून पुसून झालेली. त्या दिवशी पाळी त्या कामवाल्या आईच्या मुलाची होती. तो बादली घेऊन उभाच राहिला. म्हणाला, "आजी, आज माझी पाळी होती."

"तुही पाळी आम्ही घेतली," माय म्हणाली. "उद्या तू घेजो." आणि पिशवी उचलून बसस्टँडची वाट विचारू लागली.